पाटीचं डोहाळजेवण

पाटीपुढे दोन वाट्या ताटल्यांनी झाकून ठेवल्या होत्या. एकीत पेढा, एकीत बर्फी. कुठल्या वाटीत काय आहे ते फक्त ऋतुजाला माहीत होतं आणि ती ओठ आवळून बसली होती.

"पाटी, निवड," ती म्हणाली. "पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी."

"तिला काय एकच होणारे?" सुमेध म्हणाला. "सात-आठ होतील. मग सात-आठ वाट्या मांडा."

"पहिल्याचं बघायचं असतं. तू गप रे."

"आणि तिला वासानं कळणारच. कॉपी आहे ही."

पाटी आमची कुत्री. अकरा वर्षांची, काळीभोर, कपाळावर खडूनं ओढल्यासारखी एक पांढरी रेघ. ती एवढीशी असताना एका शाळकरी पोरानंच तिला पाटी म्हटलं आणि तेच नाव राहिलं. त्या दिवशी तिच्या गळ्यात झेंडूची माळ होती आणि पाठीवर अक्काचा हिरवा खण. मुलींनी तिला ओवाळलं होतं, दोन गाणी म्हटली होती. तिनं सगळं होऊ दिलं होतं.

पण वाट्यांकडे तिनं पाहिलंही नाही. ती उठली. उठताना मागचे पाय आधी थरथरले, मग सरळ झाले. व्हरांड्याच्या कोपऱ्यात तिचं जर्मनचं पातेलं होतं, तिथे जाऊन ती पाणी प्यायला लागली. पीत राहिली. पातेलं तळाला लागलं तरी जीभ चाटत राहिली.

"तिला दोन्ही नकोय," सुमेध म्हणाला. "पाणी म्हणजे काय गं ऋतुजा? मुलगा की मुलगी?"

सगळी हसली. मीही हसलो. हे मला नीट आठवतं, कारण नंतर मी ते पुष्कळ वेळा आठवून पाहिलं आहे.

या गोष्टीला आता चौदा वर्षं झाली. मी तेव्हा नुकताच निवृत्त झालो होतो. धरणाच्या वसाहतीतल्या शाळेत एकोणतीस वर्षं शिकवलं आणि वसाहतीच्या कडेलाच दोन खोल्या बांधून राहिलो. मोठी बहीण, अक्का, माझ्याकडेच असे. तिचे यजमान लवकर गेले, माझं लग्न राहून गेलं. रोज चार वाजता वसाहतीतली सात-आठ मुलं व्हरांड्यात यायची. मी त्यांना शिकवायचो, म्हणजे ती जे विचारतील ते सांगायचो. मुलांचा प्रश्न अर्धवट सोडायचा नाही असा माझा नियम होता. समजावून झालं की मी विचारायचो, "समजलं?" आणि मुलं एका आवाजात म्हणायची, "हो सर."

मार्चमध्ये पाटी माजावर आली होती. धरणाच्या पलीकडचा एक तांबडा कुत्रा चार दिवस आमच्या कुंपणाशी होता. मी ती तारीख लिहून ठेवली. महिन्याभरानं पाटीचं पोट भरल्यासारखं दिसायला लागलं, तेव्हा मी एक पांढरा पुठ्ठा आणला, त्यावर त्रेसष्ट चौकोन आखले आणि व्हरांड्याच्या भिंतीला लावला. कुत्री त्रेसष्ट दिवसांनी विते, हे फळ्यावर लिहिलं. उलटून गेलेल्या दिवसांचे चौकोन मुलांनी एकदम रंगवून टाकले आणि मग रोज एक मूल एक चौकोन रंगवायचं. पाळी ठरलेली होती. आपल्या पाळीच्या दिवशी ताप असला तरी पोरं यायची.

अक्काला पहिल्यापासून ते पटलं नव्हतं.

"दिनू, ही म्हातारी आहे," ती म्हणाली होती. "हिला कुठली आता पोरं?"

"अक्का, बाईमाणसाचं थांबतं तसं कुत्रीचं थांबत नाही. शेवटपर्यंत माजावर येते ती. पुस्तकात आहे."

हे खरंच आहे. मी सांगितलेलं काहीच खोटं नव्हतं.

"काल स्वयंपाकघरात मुतली. अकरा वर्षांत कधी केलं नाही तिनं."

"पोटातल्या पिल्लांचा दाब पडतो मूत्राशयावर."

"भाकरीला शिवत नाही."

"दिवस गेल्यावर अन्नावरची वासना जाते. तू पाहिलेलं नाहीस का?"

"पाहिलंय," अक्का म्हणाली. "पण डॉक्टरला दाखव तू तिला एकदा."

मी म्हटलं, दाखवू. गाभण जनावराला डॉक्टर कशाला, असंही म्हटलं.

नसरीननं जे सांगितलं ते बेचाळिसाव्या चौकोनाच्या दिवशी. त्या दिवशी रंगवायची पाळी तिची होती, म्हणून चौकोनाचा आकडा लक्षात आहे. नसरीन मुलाणी, पाचवीतली. तिचे वडील धरणाच्या दरवाजांवर कामाला होते आणि घरी सहा-सात शेळ्या होत्या. पाटीचं पाण्याचं पातेलं भरायचं काम तिनं आपणहून घेतलं होतं. चौकोन रंगवून ती पाटीजवळ बसली, दोन्ही हात तिच्या पोटाखाली घातले आणि बराच वेळ तशीच राहिली.

"सर, आत काही हलत नाहीये."

"अजून वेळ आहे, बाळा."

"आमच्या शेळीचं हलतं. हात लावला की कळतं. आणि हिचं पोट टणक लागतंय. शेळीचं असं लागत नाही."

मी तिच्यावर रागावलो नाही. मी कधीच कुणावर रागावत नसे. मी तिला फळ्याजवळ बोलावलं. एका बाजूला शेळी काढली, एका बाजूला कुत्री. शेळीचे दिवस पाच महिन्यांचे, कुत्रीचे दोन. शेळीला एक-दोन करडं, ती मोठी, म्हणून हाताला लागतात. कुत्रीची पिल्लं उंदराएवढी, एका रांगेत, म्हणून लवकर कळत नाहीत. सगळी मुलं ऐकत होती. चित्र चांगलं आलं होतं.

"आणि सर, ती पाणी फार पिते. मी आज चारदा पातेलं भरलं."

"ऊन वाढलंय. आणि पोटात पिल्लं असली की पाणी जास्त लागतंच. आईला दोघांचं प्यावं लागतं. इथं तर सात-आठांचं."

मुलं हसली. नसरीन चित्राकडे बघत होती.

"समजलं?"

"हो सर," ती म्हणाली.

त्यानंतर तिनं पाटीच्या पोटाला हात लावलेला मला दिसला नाही. पातेलं मात्र ती भरत राहिली.

डोहाळजेवण ठरलं तो सत्तावन्नावा दिवस, रविवार. कल्पना ऋतुजाची. अक्कानं आधी नको म्हटलं, मग स्वतःच खण काढून दिला. सकाळी साडेनऊला सगळी जमली. नसरीन आली नव्हती. मला वाटलं, शेळ्या घेऊन गेली असेल.

पाणी पिऊन पाटी परत आपल्या गोणपाटाकडे निघाली. वाट्यांजवळ पोचली आणि थांबली. मान खाली घालून तिनं सगळं पाणी ओकून टाकलं. मग मागचं अंग एका बाजूला गेलं आणि ती बसली. पडली नाही, बसली. हिरवा खण ओल्यात गेला.

"ई," कुणीतरी म्हणालं.

"डोहाळे आहेत ते," ऋतुजा म्हणाली. "माझ्या मावशीला पण व्हायचं." पण तिचा आवाज बारीक झाला होता आणि ती माझ्याकडे बघत होती.

मी सांगायला तोंड उघडलं. काय सांगणार होतो ते आठवत नाही. काहीतरी होतंच माझ्याकडे. तेवढ्यात फाटकाशी मोटारसायकल थांबली. जनावरांचे डॉक्टर शेडगे गाडीवरून उतरले आणि त्यांच्या मागून नसरीन उतरली. तिच्या पायांत चपला नव्हत्या.

"मुलाण्यांच्या शेळ्यांना लस टोचायला आलो होतो," डॉक्टर म्हणाले. तिशीतले असतील. "ही पोरगी म्हणाली, आधी सरांची कुत्री बघा. मी म्हटलं, शेळ्या झाल्यावर बघू. तर गाडीची किल्ली काढून घेतली हिनं." ते हसले आणि माळ, ताटल्या, मुलं बघून म्हणाले, "कार्यक्रम कसला चाललाय?"

"पाटीचं डोहाळजेवण," सुमेध म्हणाला.

डॉक्टर हसतच पाटीजवळ गेले. उकिडवे बसले. तिचा ओठ वर करून हिरडी पाहिली आणि मग ते हसत नव्हते. थर्मामीटर लावलं. पोटावर हात ठेवला, हळूच दाबलं. पाटी ओरडली नाही. तिनं फक्त डोळे मिटले.

"खाल्लं कधी शेवटचं?"

"परवा थोडं दूध घेतलं," अक्का म्हणाली. "त्याच्या आधी चार दिवस नाही."

"पाणी?"

मी बोलायच्या आत नसरीन म्हणाली, "काल नऊ पातेली. परवा आठ. आधी दिवसाला एक पुरायचं."

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या पुठ्ठ्याकडे. छप्पन्न चौकोन रंगलेले होते, लाल, निळे, पिवळे. सत्तावन्नावा डोहाळजेवणानंतर रंगवायचा होता.

"सर, जरा इकडे येता?"

आम्ही फाटकापर्यंत गेलो. मुलं जागची हलली नाहीत.

"पिल्लं नाहीत तिच्या पोटात," ते म्हणाले. "गर्भपिशवीत पू भरलाय. म्हाताऱ्या कुत्र्यांत होतं हे, माज सरल्यावर महिना-दोन महिन्यांत. पाणी फार पितात, लघवी आवरत नाही, खाणं सुटतं, पोट फुगतं. लोकांना वाटतं, गाभण आहे. पुष्कळदा पू बाहेर येतो, मग कळतं तरी. हिच्या पिशवीचं तोंड बंद आहे. सगळं आतच."

"उपाय?"

"पिशवी काढायची. आजच. जिल्ह्याला नेईपर्यंत टिकेल असं मला वाटत नाही. तालुक्याच्या दवाखान्यात करतो मी, पण खरं सांगतो, मी शेळ्या-म्हशींचा माणूस. कुत्रीचं हे ऑपरेशन दोनदाच केलंय."

"त्या दोन्ही जगल्या?"

"एक जगली."

"करा," मी म्हणालो.

आवाज माझा नेहमीचाच होता. आत काहीच होत नव्हतं. फाटकाची कडी सैल झाली आहे, हे मला तेव्हा दिसलं. तिला एक खिळा हवा होता.

नसरीनच्या मागोमाग तिचे वडीलही आले होते. दूध घालून परत निघालेला टेम्पो त्यांनी थांबवला. पाटीला तिच्या गोणपाटावर घेऊन उचललं आणि रिकाम्या कॅनच्या मधे ठेवलं. ती माझ्याकडे बघत होती, की माझ्यामागच्या कशाकडे, ते कळलं नाही. टेम्पो सुटताना अक्का पाटीवरून काढलेला ओला खण काखेत धरून दोन्ही वाट्या आत नेत होती. ताटल्या तिनं काढल्या नव्हत्या.

ऑपरेशनला पावणेदोन तास लागले. आधी डॉक्टरांनी पाटीच्या गळ्यातली माळ काढून माझ्या हातात दिली, ती मी खिशात कोंबली. बाहेर सिमेंटच्या बाकावर बसलो. समोर जनावरं अडकवायचा लोखंडी खोडा होता. त्याच्या नळीवर एक सुगरण पुनःपुन्हा बसत होती. मी ती किती वेळा बसते ते मोजलं.

डॉक्टर दारात आले. कोपरापर्यंत हात ओले होते.

"काढली. बघायची आहे?"

मी आत गेलो. स्टीलच्या टबात ती पिशवी होती. दोन फाटे, मनगटाएवढे जाड, गाठी गाठींचे, भरलेल्या आतड्यासारखे. मला पहिला विचार आला तो असा, की हे मुलांना फळ्यावर काढून दाखवता येईल. शेळीच्या चित्राशेजारी.

तो विचार आला, हे लिहिल्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही.

"मूत्रपिंडांवर ताण आलाय," डॉक्टर म्हणाले. "दोन-तीन तास गेले तर बघू."

पाटी जमिनीवर पोत्यावर होती. टेबलावरून पडू नये म्हणून खाली ठेवली होती. मी शेजारी बसलो आणि तिच्या छातीवर हात ठेवून श्वास मोजायला लागलो. मुलांना नाडी मोजायला मीच शिकवलं होतं, घड्याळाच्या काट्याकडे बघत. मिनिटाला छत्तीस. मग तीस. सलाईन संपलं, दुसरं लावलं. मधेच तिनं डोळे उघडले आणि जीभ बाहेर काढली. मी बोट ओलं करून जिभेला लावलं. शेपटी पोत्यावर एकदा हलली. मग बावीस. मग मला एक श्वास चुकल्यासारखा वाटला, म्हणून मी थांबलो. पुढचा आलाच नाही. घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती. मुलांची यायची वेळ.

डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावला आणि काढला.

"आधी आणली असती तर?" मी विचारलं.

"आता ते बोलून काय, सर."

"किती आधी?"

ते हात पुसत होते. पुसून झालेले हात त्यांनी पुन्हा पुसले.

"पंधरा दिवस. तेव्हा अंगात ताकद होती तिच्या. बहुतेक यातून निघाली असती."

सत्तावन्नातून पंधरा गेले की किती, हे मला करायचं नव्हतं. ते आपोआप झालं.

नसरीनच्या वडिलांनी आणि आणखी एकानं कुंपणालगत खड्डा खणून ठेवला होता. आम्ही उजेड असताना पाटीला पुरलं. अक्का रडली. तिनं तो खण धुऊन वाळवला होता, तोच पुन्हा पाटीवर घातला. मी माती लोटली. खिशातली माळ मला रात्री कपडे बदलताना सापडली.

सोमवारी चार वाजता सगळी मुलं आली. त्यांना घरून कळलंच होतं. कुणी आरडाओरडा केला नाही, रांगेत चपला काढल्या. मी म्हणालो, पाटी काल गेली. तिच्या पोटात पिल्लं नव्हती, आजार होता. कुणी काही विचारलं नाही. मीही विचारलं नाही. मग आम्ही अपूर्णांक केले. ऋतुजानं सगळी गणितं चुकवली आणि सुमेधनं तिला आपली वही दाखवली. मी बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

साडेपाचला मुलं गेली. नसरीन राहिली. कोपऱ्यातलं पातेलं तिनं उचललं, नळाखाली घासलं, पालथं घातलं. मग ओले हात फ्रॉकला पुसत माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"सर, डॉक्टर काय म्हणाले?"

"कशाबद्दल?"

"आधी नेली असती तर वाचली असती का?"

माझ्याकडे उत्तरं होती. तिचं वय झालं होतं, हे एक. कुत्र्याचं एक वर्ष म्हणजे माणसाची सात, हे दुसरं. आजार आतून होता, तोंड बंद होतं, बाहेर काही दिसण्यासारखं नव्हतं. सगळी खरी. आणि त्यांतलं कुठलंही दिलं असतं तर ती मुलगी हलक्या पायांनी घरी गेली असती. डॉक्टर काय म्हणाले ते फक्त मला माहीत होतं. अक्कालाही मी सांगितलं नव्हतं.

"हो," मी म्हणालो. "वाचली असती. पंधरा दिवस आधी न्यायला हवी होती. तू सांगितलंस तेव्हा."

तिनं मान हलवली. ती रडली नाही. भिंतीवर पुठ्ठा अजून होता. तिच्या हातचा निळा चौकोन मला बसल्या जागेवरून दिसत होता.

"नसरीन," मी म्हणालो, "तुला दिसत होतं ना गं? मग तू मला परत का नाही सांगितलंस?"

तिला प्रश्न कळेना. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की एवढी साधी गोष्ट सरांना कशी माहीत नाही.

"तुम्ही विचारलंत ना, समजलं का," ती म्हणाली. "मी हो म्हटलं होतं, सर."